सासूबाईंचं विजापूर

मैत्रिणींनो, आपण बायका गावाबाहेर पडतो त्या कशाकशासाठी, आठवून बघा. लग्न, बारसं, मयत, दवाखाना, माहेरपण, देवदर्शन. मुलांच्या परीक्षा असल्या तर त्यांच्याबरोबर डबा घेऊन. यातलं एकही निमित्त नसताना, नुसतं बघायचं म्हणून, स्वतःच्या पैशांनी गाडी ठरवून पहाटे निघायचं आणि रात्री परत यायचं, हे मी वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षापर्यंत कधी केलं नव्हतं. यंदा फेब्रुवारीत केलं, म्हणून लिहिते आहे.

सुरुवात झाली आमच्या इतिहासाच्या बाईंपासून. बाई हायस्कूलमधून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण समोर कुणी बसलं की त्यांचा तास अजूनही सुरू होतो. बचत गटाच्या बैठकीत त्या एकदा म्हणाल्या, "बार्शीत राहून तुम्ही शिर्डीला सतरा वेळा जाता आणि पावणेदोनशे किलोमीटरवरचं विजापूर बघत नाही, कमाल आहे तुमची!" माझी धाकटी जाऊ लगेच म्हणाली, "चला मग, कधी?" ती अशीच आहे. तिच्या जिभेला ब्रेक नाही, पण अशा वेळी त्याचा उपयोग होतो.

घरी सांगितलं तर यजमान म्हणाले, "कोण कोण?" म्हटलं, बाई, जाऊबाई आणि मी. "म्हणजे एकट्याच?" तिघी मिळून एकट्या कशा होतात, हे गणित मला अजून सुटलेलं नाही.

आदल्या रात्री मी खलबत्त्यात शेंगाचटणी कुटत होते. सासूबाई ओट्याशी आल्या, उगाच चटणीचं मीठ बघितलं आणि म्हणाल्या, "गाडीत एक जागा आहे का गं?" म्हटलं, "आहे की. का?" तर म्हणाल्या, "मी येऊ?"

पंचवीस वर्षांत या बाईने स्वतःसाठी काही मागितलेलं मला आठवत नाही. औषधसुद्धा संपून दोन दिवस झाल्यावर सांगतात. वय शहात्तर, गुडघे पार गेलेले. त्यांचं माहेर विजापूरचं, एवढं मला माहीत होतं. "तिकडचं आता कोणी नाही," या एका वाक्यापलीकडे त्याबद्दल आमच्या घरात कधी बोलणं झालं नव्हतं. आणि खरं सांगते, मीही कधी विचारलं नव्हतं. गावभरच्या बायकांची गाऱ्हाणी ऐकायला समुपदेशन केंद्रात जाऊन बसणारी मी! असो.

गाडी ठरवताना मात्र मी पक्की राहिले. आमच्या गल्लीतलाच मुलगा, स्वतःची सात आसनी गाडी. किलोमीटरचा दर, टोल कोणाचा, कर्नाटकाचं परमिट कोणाचं, चालकाचं जेवण, रात्र झाली तर भत्ता किती, हे सगळं आधी विचारून वहीत लिहून घेतलं. त्या मुलाला जरा हसू आलं, पण त्याने सही केली. तुम्हीही कराच. आल्यावर होणारी किचकिच वाचते, आणि "बायकांना काय कळतंय" म्हणणाऱ्याला उत्तरही मिळतं. खर्चाचे चार सारखे भाग करायचे ठरले. सासूबाईंचा भाग मी भरणार, हे मी मनात गृहीत धरलं होतं.

पहाटे पाचला निघालो. सोलापूर मागे पडेपर्यंत उजाडलं. बाईंचा तास सुरू झाला होताच. "हे तुमचं सोलापूर आहे ना, ते एकेकाळी हुंड्यात दिलंय," त्या म्हणाल्या. अहमदनगरच्या हुसेन निजामशहाने आपली मुलगी चांदबिबी विजापूरच्या अली आदिलशहाला दिली आणि सोबत सोलापूरचा किल्ला दिला. तालिकोटच्या, १५६५ च्या लढाईआधीच्या सोयरिकी या. या किल्ल्यापायी दोन्ही घराणी आधी कितीतरी वर्षं भांडत होती, ते भांडण मुलगी देऊन मिटवलं. पुढे नवरा गेल्यावर तिने विजापूरचा कारभार पाहिला, मग माहेरी जाऊन अकबराच्या फौजेपुढे नगरचा किल्ला लढवला, आणि शेवटी आपल्याच माणसांनी तिला मारलं. जाऊ म्हणाली, "म्हणजे एवढं करून माहेरीच घात झाला म्हणा!" पुढच्या सीटवर बसलेल्या सासूबाई काही बोलल्या नाहीत.

टाकळीला भीमा ओलांडली. पलीकडे धूळखेड, कर्नाटक सुरू. दोन्ही बाजूंना शाळू उभा होता, मधे द्राक्षांचे मांडव. आणि दुकानांच्या पाट्या बदलल्या. त्या गोल गोल अक्षरांकडे आम्ही तिघी चित्र बघावं तशा बघत होतो. एवढ्यात पुढून सासूबाईंचा आवाज आला. त्या पाट्या वाचत होत्या. आधी हळू, मग भराभर. बियाण्याचं दुकान, सहकारी बँक, शाळा, कुठल्याशा पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा फलक, सगळं. गाडी पळत होती आणि त्या एकही पाटी सोडत नव्हत्या.

मैत्रिणींनो, इथे मला तुम्हाला एक गोष्ट सांगायची आहे, आणि ती सांगताना मला अजून लाज वाटते. २००१ साली मी आमच्या ओसरीवर प्रौढ बायकांचा साक्षरता वर्ग चालवायचे. पहिल्या रांगेत मी माझ्या सासूबाईंना बसवलं होतं. मराठी पेपर त्या बोट लावून लावून वाचायच्या, अडखळायच्या, म्हणून मी समजून चालले की यांना अक्षरओळख जेमतेम आहे. त्या निमूट पाटी घेऊन बसल्या, गमभन गिरवलं. आपली सून सगळ्यांना कौतुकाने दाखवते आहे, तर दाखवू दे, असं बहुधा त्यांना वाटलं असेल.

"आई, तुम्ही शाळेत गेला होता?"

"सातवी झाले की. कानडी शाळेत. तिसरा नंबर होता माझा."

गाडीत कोणी बोललं नाही. जाऊबाईसुद्धा.

झळकी गेलं, होर्ती गेलं. विजापूर जवळ आलं की सपाट माळावर आधी दिसतो तो गोल घुमट. गाव दिसायच्या कितीतरी आधी. सासूबाईंनी काचेवर बोट टेकवलं आणि म्हणाल्या, "आला." एसटीतून सुट्टीला मामाकडून परत येताना जो आधी बघेल तो जिंकला, असा भावंडांचा खेळ असायचा म्हणे. (२०१४ पासून गावाचं सरकारी नाव विजयपुर झालंय, पाट्यांवरही तेच आहे. पण सासूबाईंच्या तोंडी विजापूरच, म्हणून मीही तेच लिहिते.)

गोल घुमट बघायचा तर सकाळी लवकर जा, हा बाईंचा सल्ला लाखमोलाचा. शाळांच्या सहली यायच्या आत पोचलं तरच त्या जागेची गंमत कळते. महंमद आदिलशहाची ही कबर. त्याने १६२७ मध्ये गादीवर येताच बांधायला घेतली आणि १६५६ मध्ये तो मेला तरी काम पूर्ण सरलं नव्हतं. आत पाऊल टाकलं की आधी मान वर जाते. एवढं अवाढव्य दालन आणि मधे एकही खांब नाही. आठ कमानी एकमेकींत गुंफून वरचा घुमट तोलून धरलाय, त्याचा आतला व्यास सुमारे ३८ मीटर. बांधणारा म्हणून दाभोळच्या याकूतचं नाव सांगतात. म्हणजे आपल्या कोकणचा की! जाऊबाईला याचाच जास्त आनंद झाला, तिचं माहेर गुहागरकडचं.

मधल्या चौथऱ्यावर कबरी आहेत. बादशहा, त्याच्या दोन राण्या, मुलगी, नातू आणि रंभा. रंभा ही नाचणारी होती. वाटाडे गोष्ट सांगतात की बादशहाने तिला विचारलं, माझ्यावर खरंच प्रेम आहे का, असेल तर इथून उडी टाक. आणि तिने वरच्या सज्ज्यातून उडी टाकली. आमचा वाटाड्या ही गोष्ट फार रंगवून, हात छातीवर ठेवून सांगत होता. बाईंनी चष्मा पुसत विचारलं, "आणि बादशहाने काय टाकलं?" तो बिचारा गोंधळला.

वर जायला कोपऱ्यातल्या मनोऱ्यातून जिना आहे. शंभराहून जास्त पायऱ्या, उंच आणि अरुंद. मी आदल्या रात्रीपासून याच काळजीत होते. सासूबाईंनी जिन्याकडे एकदा बघितलं, पदर सावरला आणि म्हणाल्या, "तुम्ही या जाऊन. मी लहानपणी रोज चढलेय." मग त्या बाहेर हिरवळीवरच्या बाकावर जाऊन बसल्या.

वरच्या सज्ज्याची कीर्ती तुम्ही ऐकली असेलच. भिंतीला तोंड लावून कुजबुजलं तर पलीकडच्या बाजूला, एवढ्या लांब, स्पष्ट ऐकू येतं. टाळी वाजवली तर ती सात-सात, दहा-दहा वेळा परत येते. मी भिंतीला कान लावून उभी राहिले. पलीकडे जाऊबाई ठिपक्याएवढी दिसत होती. आता ही काय बोलणार, म्हणून मी जीव कानात गोळा केला. आणि साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या त्या घुमटातून माझ्या कानात शब्द आले, "ताई, गॅस बंद केला होता ना गं?"

हसून हसून पुरेवाट. ते हसूही दहा वेळा परत आलं. थोड्या वेळात सहली आल्या आणि मुलांनी असा काही कल्ला सुरू केला की कान गच्च झाले. भिंतींवर प्रेमिकांनी कोरलेली नावं मात्र बघवत नाहीत. एवढं कोणी बांधून ठेवलं, आणि आपण त्यावर खिळ्याने बाण काढलेलं हृदय काढतो.

खाली आले तर बाक रिकामा. माझ्या पोटात गोळाच आला. बघते तो काय, सासूबाई बागेत काम करणाऱ्या बायकांच्या मधोमध खाली गवतावर मांडी घालून बसलेल्या. गुडघ्यांचं दुखणं कुठे गेलं कोण जाणे. आणि बोलत होत्या! हात हलवत, टाळ्या देत, मोठ्याने. आमच्या घरात या बाईचा आवाज स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडत नाही. इथे त्या हसत होत्या ते मला लांबून ऐकू आलं. मी जवळ गेले तर त्यातली एक माझ्याकडे बघून म्हणाली, "ऊट आतेन्री?" सासूबाईंनी मला मराठीत सांगितलं, "जेवलात का विचारतीये. हे हिचं, नमस्कारासारखं असतं."

मागून मी विचारलं, "आई, घरी कधी बोलला नाहीत ते कानडी?" तर म्हणाल्या, लग्न होऊन आले तेव्हा मराठीचा गंध नव्हता. आई भेटायला आली की दोघी परसात बोलायच्या. आमच्या आजेसासूबाईंना वाटायचं, या आपल्यालाच नावं ठेवतायत. एक दिवस त्या म्हणाल्या, आमच्या घरात आमच्यासारखं बोलायचं. दुकानावर येणारे पोरगेही चिडवायचे, "कानडी अप्पा". "मग सोडलं. कोणाशी बोलणार?" एवढंच. आवाजात तक्रार नव्हती.

नंतरची ठिकाणं मी भराभर सांगते. बारा कमान, म्हणजे दुसऱ्या अली आदिलशहाची अर्धवट राहिलेली कबर, नुसत्या काळ्या कमानी आभाळाखाली उभ्या. घरात बांधकाम काढून पैसे संपले की जशी अवस्था होते तशी, फक्त भव्य. आसार महालात प्रेषितांचे केस जपून ठेवलेत असं मानतात, तिथे आतल्या भागात बायकांना प्रवेश नाही. आम्ही बाहेरच्या तळ्याच्या काठावर बसलो. जाऊबाई फणकारली, तेव्हा बाई म्हणाल्या, "शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यावर तरी तू २०१६ च्या आधी कुठे गेली होतीस?" ते खरंच होतं.

जेवायला सासूबाईंनीच खानावळ निवडली. आत शिरताच मालकीणबाईंना दोन वाक्यं कानडीत टाकली आणि आम्हाला पाहुण्यांची वागणूक मिळायला लागली. ज्वारीची पातळ कडक रोटी, भरल्या वांग्यांचं एण्णगायी, शेंगाचटणी, दही. सगळं आपल्यासारखंच आणि तरी जरा वेगळं. माझी पंचवीस वर्षांची एक कोडं असलेली गोष्ट तिथे सुटली. आमच्या घरचं भरलं वांगं बार्शीतल्या कुठल्याच घरच्यासारखं लागत नाही. कारळ जास्त असतं त्यात. भाषा सोडायला लावली, पण वांगं कोणाच्या लक्षात आलं नाही!

मुलूख मैदान तोफ बघितली तेव्हा मात्र आम्हीच पाहुण्यांच्या थाटात हिंडत होतो, कारण ती आमच्या शेजारची. १५४९ मध्ये नगरला ओतली, मग ती आमच्या बार्शीजवळच्या परांड्याच्या किल्ल्यावर होती, तिथून १६३२ मध्ये विजापूरकरांनी ओढून आणली. वजन ५५ टन. तोंड सिंहाच्या जबड्याचं, आणि त्या जबड्यात हत्ती चिरडलेला. भर उन्हातही तिला हात लावला तर गार लागते. इंग्रजांच्या काळात, १८५४ मध्ये तिचा लिलाव काढला तर बोली आली दीडशे रुपयांची! म्हणून विकली नाही, आणि म्हणून राहिली. बाई तोफेभोवती फिरत म्हणाल्या, "सासरी आली ती आलीच. परांड्याला परत कोण नेतंय हिला." त्यांनी सहज म्हटलं असेल. सासूबाई पटकन म्हणाल्या, "ताज बावडी इथून जवळ आहे. तिथे न्या मला."

ताज बावडी ही १६२० मध्ये मलिक संदल या वास्तुकाराने इब्राहिम आदिलशहाच्या ताज सुलताना या राणीच्या नावे बांधलेली विहीर. विहीर कसली, तलावच. समोर उंच कमान, दोन्ही बाजूंना अष्टकोनी बुरूज, खाली उतरायला पायऱ्या. सासूबाई कठड्याशी उभ्या राहिल्या. त्यांच्या लहानपणी पोरं त्या कमानीवरून उड्या टाकायची म्हणे. मग त्या चालायला लागल्या. मी काही विचारलं नाही, नुसती मागे गेले. एक बोळ, दुसरा बोळ, एका वळणावर त्या थांबल्या, परत फिरल्या, एका पानवाल्याला काही विचारलं. त्याने हाताने दाखवलं.

तिथे तीन मजली इमारत होती. खाली मोबाइलचं दुकान, वर कसले तरी शिकवणी वर्ग. सासूबाईंनी वर बघितलं, मग बाजूच्या भिंतीकडे. "इथे लिंब होता," म्हणाल्या. मला वाटलं आता रडतील. रडल्या नाहीत. शेजारच्या ओट्यावर टेकल्या आणि मग बोलल्या.

त्यांचे वडील १९८४ मध्ये गेले. घर त्यांनी स्वतःच्या कमाईचं बांधलेलं, मृत्युपत्र नव्हतं. तेराव्यानंतर भाऊ कागद घेऊन आला. घरावर कर्ज काढायचंय, सगळ्यांच्या सह्या लागतात, म्हणाला. "मी सही करायला पेन हातात घेतलं. तर म्हणाला, अक्का, सही नको, अंगठाच दे. मोठ्या वकिलाने तसंच सांगितलंय. मी म्हटलं, अरे मला सही येते. तर म्हणाला, कानडीत केली तर महाराष्ट्रात पुन्हा भानगड नको. दिला अंगठा." पुढे तीन वर्षांनी घर विकल्याचं दुसऱ्याच कोणाकडून कळलं. भावाने एक इरकल पाठवलं होतं. त्या इरकलाची घडी मी बघितली आहे, ट्रंकेत तळाशी आहे, एकदाही मोडलेली नाही. भाऊ पुढे वारला, त्याची मुलं कुठे बंगळुरूकडे असतात. "घर गेल्याचं नाही गं काही. पण त्यानंतर तवरमनीला कुठल्या तोंडाने यायचं? आणि यायचं तरी कुठे?" तवरमनी म्हणजे माहेर. हा शब्द त्यांनी मराठीत बोलतानाही कानडीतच वापरला.

मी दर महिन्याला बायकांना घसा कोरडा करून सांगते. हक्कसोडपत्र वाचल्याशिवाय सही करू नका. वडिलांच्या स्वकष्टाच्या मिळकतीत, मृत्युपत्र नसेल तर, मुलीचा मुलाइतकाच वाटा १९५६ च्या कायद्यापासून आहे. वडिलोपार्जित मिळकतीत २००५ च्या दुरुस्तीने जन्मतः आहे. सोडायचा तर खुशाल सोडा, पण काय सोडतोय ते कळून सोडा. हे सगळं मी माझ्या घरच्या ओसरीवर बसून सांगत आले. आणि आत स्वयंपाकघरात, अंगठा दिलेली बाई आमच्यासाठी चहा टाकत होती. चाळीस वर्षांनी त्या कागदाचं काही करता येईल, असं मला वाटत नाही आणि त्यांनाही ते नको आहे. मी विचारलं, तेव्हा त्यांनी हातानेच नको म्हटलं.

इब्राहिम रोजाला पोचलो तेव्हा ऊन कललं होतं. सगळ्या विजापुरात मला काय आवडलं विचाराल, तर हे. घुमट छाती दडपतो, हे मात्र आपलंसं वाटतं. दगडाच्या जाळ्यांतून अरबी अक्षरंच कोरून काढलीत, त्यातून उजेड आत येतो. आणि हे बांधायचा हुकूम ताज सुलतानाने दिला, दीड लाख होन खर्च आला, असं तिथल्या लेखातच आहे. तिचा नवरा दुसरा इब्राहिम हा गाण्यातला दर्दी. त्याच्या 'किताब-ए-नौरस'मध्ये त्याने सरस्वतीला वंदन केलंय, हे सांगताना बाईंचा चेहरा फुलला होता. सासूबाई तेवढ्यात तिथल्या पायरीवर बसून दोन शाळकरी मुलींना कोणत्या शाळेत जाता, विचारत होत्या. त्यातली एक त्यांच्याच शाळेतली निघाली!

परत फिरायचं ठरत होतं, पण बाई म्हणाल्या, एक ठिकाण राहिलंय, लांब नाही. गाडी शेतातल्या रस्त्याला लागली. साठ कबर म्हणतात त्या जागेला. एका दगडी चौथऱ्यावर रांगेने काळ्या दगडाच्या कबरी, सगळ्या एका मापाच्या, बायकांच्या. मोजल्या तर त्रेसष्ट भरतात. अफझलखान १६५९ मध्ये शिवाजी महाराजांवर निघाला, तेव्हा ज्योतिषाने सांगितलं की तू परत येत नाहीस. आपल्यामागे यांचं काय, म्हणजे आपल्यामागे या दुसऱ्या कोणाच्या होतील, म्हणून त्याने आपल्या सगळ्या बायकांना मारून इथे पुरलं आणि मग तो निघाला, अशी गोष्ट तिकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. शाळेत आपण शिकलो ती गोष्ट पुढची. विडा, शामियाना, वाघनखं, प्रतापगड. तो वाईला येण्याआधी हे असं काही घडल्याचं सांगतात, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

तिथे कोणी नव्हतं. वाटाड्या नाही, तिकीट नाही. शेळ्या चरत होत्या. जाऊबाई दोन रांगांमधून सावकाश चालत गेली आणि परत आली. म्हणाली, "एकीचंही नाव नाही लिहिलेलं." चालक मुलगा लांब गाडीशी उभा होता, तोही जरा बावरला होता, "ताई, अंधार पडेल" म्हणून हाक मारत होता. माझ्या डोळ्यांपुढे केंद्रात येणाऱ्या दोन-चार जणी उभ्या राहिल्या. "मी मेलो तर तुला पण घेऊन जाईन" हे वाक्य मी त्यांच्या तोंडून ऐकलं आहे. नवरा प्रेमाने म्हणतो, असं त्यातली एक मला समजावून सांगत होती. सासूबाईंनी पिशवीतून पाण्याची बाटली काढली आणि जवळच्या एका कबरीवर थोडं पाणी ओतलं. का, ते मी विचारलं नाही.

येताना गाडीत सगळ्या गप्प, मग सोलापूरच्या अलीकडे चहाला थांबलो तेव्हा पुन्हा बडबड सुरू. टपरीवरचा पोऱ्या कानडी निघाला. सासूबाईंनी चहात साखर कमी घालायला सांगितली, कानडीत, आणि त्याने ती जास्तच घातली. साडेदहाला घरी. यजमान जागे होते, जेवण गरम करून ठेवलं होतं. (हे नोंदवणं माझं कर्तव्य आहे.) गॅस बंद होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी चौघी हिशेबाला बसलो. डिझेल नाही, किलोमीटरचाच दर होता, टोल, परमिट, तिकिटं, जेवण, चहा, सगळं मांडून चार भाग केले. सासूबाईंचे पैसे मी माझ्या पाकिटातून काढायला लागले, तर त्यांनी हात धरला. कनवटीची घडी सोडून पैसे मोजून ठेवले. वहीत प्रत्येकीने आपल्या आकड्यापुढे सही करायची, हा बचत गटाचा शिरस्ता. वही फिरत त्यांच्यापर्यंत गेली. मी सवयीने शाईचं पॅड पुढे सरकवलं नाही, एवढं तरी मला कळलं.

त्यांनी सावकाश, एका ओळीत, कानडीत लिहिलं. जाऊबाई वाकून बघत म्हणाली, "आम्हाला कसं कळणार काय लिहिलंत ते?" मग त्यांनी बोट ठेवून वाचून दाखवलं. ते त्यांचं लग्नाआधीचं नाव होतं. आमच्या घरात ते कोणालाच माहीत नव्हतं, माझ्या नवऱ्यालासुद्धा.

दिवाळीनंतर बदामी आणि ऐहोळेला जायचं म्हणतोय. मुक्काम लागेल. चालकाला सांगून ठेवलंय, आणि यावेळी गाडीत पाचवी जागाही भरली आहे. पुढची सीट मात्र कोणाला द्यायची नाही, असं जाऊबाईने आत्ताच बजावलंय.